लॉनडेलच्या घरावरचं नाव

टूसॉन, ॲरिझोना
१८ ऑक्टोबर १९८७

प्रिय फेला,

तुझं पत्र आणि नातवाचे फोटो पोचले. पोरगा कानांच्या बाबतीत थेट आपल्या बाबांवर गेलाय. शिकागोच्या वाऱ्यात त्याला टोपीशिवाय बाहेर काढू नका, उडून जाईल.

माझं बरं चाललंय. इथल्या कोरड्या हवेत दमा कुठे पळाला ते कळत नाही. सकाळी चालतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पत्ते खेळतो. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं.

आता कामाचं. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागाव. लॉनडेल रस्त्यावरचं घर बाबांमागे आपल्या दोघा भावंडांच्या नावावर आहे. तीन मजले, तीन भाडेकरू, आणि वर कर्जाचा बोजा. ते घर लँड ट्रस्टमध्ये घालावं असं माझ्या मनात आहे. इथल्या एका ओळखीच्या वकिलाने समजावून सांगितलं. तुमच्या इलिनॉयमध्ये तर ही जुनी रीत आहे म्हणे. खरेदीखतावर विश्वस्त म्हणून एका बँकेचं नाव लागतं, पण ती नावापुरतीच मालक. भाडं आपण घ्यायचं, भाडेकरू आपण ठेवायचे, रंग कुठला लावायचा तेही आपणच ठरवायचं. आपल्यात आणि बँकेत एक करार होतो आणि तो सरकारी दफ्तरात लागत नाही, कोणाला दाखवावा लागत नाही.

अडचण एकच. घर गहाण आहे. ज्या पेढीने कर्ज दिलं तिची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. न विचारता नाव हलवलं तर सगळं कर्ज एकदम परत मागायचा त्यांना हक्क आहे. तू नाइल्सला आहेस, बसने तासाभरात पोचशील. जाऊन विचारशील का? ईस्टरआधीचे लेंटचे उपवास सुरू होण्याआधी उरकलं तर फार बरं.

तुझ्या लेकीला, टेरेसाला आशीर्वाद.

तुझा
झेनेक


नाइल्स, इलिनॉय
३ नोव्हेंबर १९८७

झेनेक,

शेवटपर्यंत वाचलं. आता रागावते.

काल मृतांचा दिवस होता. टेरेसाने गाडीतून कबरस्तानात नेलं. आई-बाबांच्या दगडापाशी मेणबत्त्या लावल्या, मग तुझ्या क्लाराकडे गेले. वारा असा होता की तिची मेणबत्ती काही टिकेना. शेवटी मी म्हटलं, बाई, जिवंतपणीही तू कधी एका जागी बसली नाहीस.

तर परत येताना मी गाडीत तुझ्या पत्राचाच विचार करत होते. बाबा कातडी कमावण्याच्या कारखान्यात राबले. त्यांच्या हातांचा वास कुठल्याच साबणाने गेला नाही. इंग्रजी त्यांना स्वतःचं नाव वाचण्यापुरतं यायचं. रविवारी जेवणं झाली की ट्रंकेतून खरेदीखत काढायचे, नावावर बोट ठेवायचे आणि आईला विचारायचे, "हा कोण गं सद्गृहस्थ?" आई म्हणायची, "असेल कोणी. आधी त्याला कोळसा आणायला सांगा." त्या जागी आता बँकेचं नाव येणार आणि पुढे एक नंबर. तुला चालत असेल. तू वाळवंटात राहतोस.

मी अजून दर शनिवारी दोन बस बदलून तिकडे जाते. तळमजल्यावरच्या ओकाम्पोबाई स्पॅनिशमध्ये सांगतात, मी पोलिशमध्ये ऐकते, आणि नळ दुरुस्त होतो. इतकी वर्षं असंच चाललंय, आणि भांडण एकदाही नाही. दुसऱ्या मजल्यावर गेले की माझा हात आपोआप रेडिएटरच्या नळीकडे जातो. आठवतं ना, तुमच्या त्या स्वयंपाकघरातून खाली मला ऐकू यावं म्हणून क्लारा त्या नळीवर चमचा वाजवायची? दोन ठोके म्हणजे कॉफी झाली, ये. तीन ठोके म्हणजे तुझ्या भावाला घेऊन जा. चॉकलेटच्या कारखान्यात दिवसभर आम्ही शेजारी उभ्या राहून खोके भरायचो आणि घरी येऊनही आमचं बोलणं संपायचं नाही. तू म्हणायचास, माझं लग्न एकीशी झालं आणि संसार दोघींशी.

दर आठवड्याला कोणी ना कोणी दलाल दारात चिठ्ठी टाकून जातो. आजूबाजूची घरं भराभर विकली जातायत. म्हणून सरळ विचारते, झेनेक, तुला घर विकायचंय का? तसं असेल तर तोंडावर सांग. बँकेच्या पदराआडून नको.

आणि तो वकील पत्त्यांत हरतो की जिंकतो, तेही कळव.

फेला


टूसॉन
२० नोव्हेंबर १९८७

प्रिय फेला,

वकील हरतो. म्हणून तर फुकट सल्ला देतो.

विकायचं नाही. क्लाराची शपथ. उलट कोणालाच विकता येऊ नये म्हणून हा खटाटोप. आज मी गेलो तर माझा अर्धा हिस्सा वारसाच्या कोर्टात जाईल आणि तिथून माझ्या दोन्ही पोरांकडे. पोरं वाईट नाहीत, पण एक सिॲटलला, एक टेक्सासला. त्यांच्यातल्या एकाने जरी माझा वाटा रोख द्या म्हटलं, तर कोर्ट घराचा लिलाव करायला लावतं. ट्रस्टच्या करारात मी लिहिणार आहे की माझ्यामागे माझा हिस्सा सरळ तुझा. कोर्ट नाही, वकील नाही. तूही तुझ्या हिश्शाचं तुला हवं तसं लिही.

काल रात्री मला आपलं तळघर आठवलं. कोबी आंबवायचं ते पिंप. बाबा आपले पाय गरम पाण्याने घासून घासून धुवायचे आणि आपल्याला पिंपात उतरवायचे, कोबी तुडवायला. तू मीठ टाकणाऱ्या आईला ओरडून सांगायचीस, याने मोजे काढले नाहीत. मी काढलेले असायचे. आई तरी मला एक धपाटा द्यायची, हिशेबात राहू दे म्हणून. त्या वर्षीचा कोबी मार्चपर्यंत पुरला होता आणि तू म्हणायचीस की त्याला झेनेकच्या पायांची चव आहे.

ते घर आपल्या हयातीत तरी दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, एवढंच. माणसाने आपलं वेळेत आवरून ठेवावं. घाई का, ते भेटलो की सांगेन. पत्रात लिहायची गोष्ट नाही ती.

पेढीत जाऊन ये ना.

झेनेक


नाइल्स
१० डिसेंबर १९८७

माझ्या झेनेक,

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. मागचं माझं पत्र जरा आंबट होतं. मनावर घेऊ नकोस.

पेढीत गेले होते. लाकडी जिन्यांसाठी कर्ज काढलं तेव्हाचे म्हातारे साहेब आता नाहीत. हॅलोरन म्हणून एक आहे, टापटीप, बोलायला बरा. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला,

"त्या घरात तुम्ही राहता का?"

"नाही. मी मुलीकडे असते. घर पूर्ण भाड्याने आहे."

"मग अवघड आहे. मालक स्वतः राहत असता तर गोष्ट वेगळी. भाड्याच्या घराचं नाव हललं की आम्ही पूर्ण कर्ज मागू शकतो."

"मागू शकता, की मागणार?"

"ते समिती ठरवेल. खरं सांगू का, इतक्या कमी व्याजाचं कर्ज परत आलं तर समितीतलं कोणी रडणार नाही."

मी म्हटलं, "साहेब, महापालिकेने मागचे जिने कुजले म्हणून नोटीस लावली, तेव्हा याच पेढीने आम्हाला पैसे दिले. त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही. आमच्या वडिलांचं खातं इथेच होतं, आईचं इथेच होतं. ट्रस्ट झाला तरी हप्ता याच हातांनी येणार आहे. मी मेल्यावर बघा हवं तर." त्याला हसू आलं. म्हणाला, अर्ज करा, मी शब्द टाकतो. मी तिथेच बसून अर्ज भरला.

झेनेक, मी तुला काही विचारणार नाही. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग. पार्सलने लोकरीची बंडी पाठवतेय, छाती झाकून ठेवत जा, वाळवंटात रात्री गारठा पडतो म्हणतात. बरोबर आईच्या गळ्यातलं पदकही आहे. फादरांना सांगून चर्चमध्ये तुझ्या नावाने मिस्साची प्रार्थनाही वाचायला दिलीय. ते म्हणाले, काय झालंय त्याला? मी म्हटलं, फादर, ते देवाला माहीत आहे, तुम्ही वाचा.

खाणं नीट जातंय ना?

तुझी
फेला


नाइल्स
८ जानेवारी १९८८

माझ्या झेनेक,

परवानगी आली. कर्जाची जबाबदारी आपल्या दोघांवर पूर्वीसारखीच राहणार, आणि विम्यावर विश्वस्त बँकेचं नाव चढवायचं, एवढ्या दोन अटी. मी दोन्ही कबूल केल्या. ट्रस्टचे कागदही तयार होतायत.

पण सहीला तुला जातीने यावं लागेल. तसा त्यांचा आग्रह आहे, मी किती सांगून पाहिलं. प्रवास झेपेल का? डॉक्टरांना विचार. टेरेसाने तुझ्यासाठी खालची खोली मोकळी केली आहे, जिना चढायला नको. बार्श्चच्या सूपसाठी बीट मी आंबवायला घातलंय.

लॉनडेललाही जाऊन येऊ, तुला जमेल तेवढंच. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघी नर्सिणी मार्चमध्ये जागा सोडणार आहेत. त्यांना मी सांगून ठेवलंय की माझा भाऊ येईल, थोडा वेळ स्वयंपाकघरात नुसता बसेल, त्याला बसू द्या.

फेला


टूसॉन
१५ जानेवारी १९८८

प्रिय फेला,

येतो. सत्तावीस तारखेला दुपारचं विमान आहे.

बंडी छान आहे. इथे ती घातली तर लोक मला दवाखान्यात नेतील, पण शिकागोत उपयोगी पडेल. मिस्सा कशासाठी ते कळलं नाही. तरी आभार.

एकटा येणार नाही. बरोबर आम्पारो इबारा म्हणून एक बाई आहेत. माझ्याकडे बघायला त्याच असतात. स्वभावाने फार चांगल्या आहेत. त्यांचीही झोपायची सोय होईल का? बाकीचं समोरासमोर.

झेनेक


टूसॉन
२ फेब्रुवारी १९८८

प्रिय फेला,

सुखरूप पोचलो. तू विमानतळावर निरोप द्यायलासुद्धा आली नाहीस, टेरेसाच्या हातून जॅम भरून तळलेल्या पोंचकींचा डबा पाठवलास. तो विमानात आम्ही दोघांनी संपवला. तू बोलली नाहीस, म्हणून लिहितोय.

विमानतळावर तू चाकांची खुर्ची घेऊन उभी होतीस. मी दोन्ही बॅगा हातात घेऊन, उन्हाने रापलेला, तुझ्याकडे चालत आलो, आणि तू माझ्या मागे बघत होतीस, खरा आजारी झेनेक कुठे आहे म्हणून. आणि आम्पारोला तू पहिलं वाक्य काय म्हणालीस, तर "सिस्टर, यांची औषधं कोणत्या पिशवीत आहेत?" ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मग मला सांगावंच लागलं की ती नर्स नाही आणि तेरा तारखेला, लेंट लागायच्या आत, आमचं लग्न आहे. खुर्ची तू तशीच रिकामी ढकलत गाडीपर्यंत नेलीस. त्या वेळचा तुझा चेहरा आठवला की अजून मला जेवण जात नाही.

पत्रात लिहिलं नाही, कारण ते तुला लिहिताना क्लाराला लिहिल्यासारखं वाटायचं. कागद घेऊन बसायचो आणि दम्याबद्दल लिहून उठायचो. तुला वाटलं मी मरायला टेकलोय. यापेक्षा ती बातमी तुला सोपी गेली असती की काय, अशी मला त्या दिवशी शंका आली.

सहीच्या टेबलावर हॅलोरन म्हणाला, "एवढ्या लांबून कशाला आलात? तिथल्या नोटरीसमोर सही चालली असती, मी तुमच्या बहिणीला सांगितलं होतं." तू खिडकीबाहेर बघायला लागलीस. तुला मला एकदा बघायचं होतं, हे मला कळलं.

पण सही करून बाहेर आल्यावर तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "आता कळली घाई. नवी बायको घरावर बसण्याआधी कागद करून घेतलेस. निदान एवढी अक्कल शाबूत आहे." आम्पारो दोन पावलांवर होती. तिला पोलिश येत नाही, पण ते वाक्य कोणालाही कळलं असतं.

मी तिला शब्द दिला होता की हे तुला सांगणार नाही. तो आज मोडतो. ट्रस्टची कल्पना माझी नव्हती, वकिलाचीही नव्हती. तिची होती. तिचा नवरा गेला तेव्हा दिरांनी कोर्टातून वाटणी मागितली. ज्या घरात तिने मुलं वाढवली त्याचा लिलाव झाला, आणि ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघत होती. मी तिला मागणी घातली तेव्हा तिने लॉनडेलच्या घराबद्दल विचारलं. मी सांगितलं, अर्धं माझं, अर्धं बहिणीचं. ती म्हणाली, "मग आधी तुझ्या बहिणीचं घर पक्कं करून ये. माझ्यामुळे दुसऱ्या बाईला मी फुटपाथवर उभं करणार नाही. मग मला विचार." मी विचारलं, फेलाला सांगू का? म्हणाली, "नको. तिला ते उपकार वाटतील, आणि नणंदेशी ओळख उपकाराने सुरू होऊ नये."

तेव्हा लग्नाला ये किंवा नको येऊस, ते तुझ्यावर. घर तुझंच आहे.

झेनेक


नाइल्स
८ फेब्रुवारी १९८८

प्रिय आम्पारो,

हे पत्र झेनेकला नाही, तुला आहे. त्याला वाचून दाखवू नकोस. त्याला गुपित ठेवता येत नाही, हे आता आपण दोघी जाणतो.

मी तुला नर्स म्हटलं त्याचं मला वाईट वाटत नाही. नर्स चांगली असते. नंतर जे म्हटलं त्याचं वाटतं.

शनिवारी मी लॉनडेलला गेले. नेहमीसारखी ओकाम्पोबाईंच्या दारावर टकटक केली, नळ बघायचा होता. त्यांनी माझा हात धरला, आत नेलं, खुर्ची ओढली आणि कॉफी दिली, दालचिनी घातलेली. इतक्या वर्षांत मी त्या स्वयंपाकघरात कधी बसले नव्हते. आईची चूल तिथेच होती. त्यांच्या मोठ्या मुलीला इंग्रजी येतं, ती शेजारी उभी राहून सांगायला लागली. म्हणाली, "आईला वाटायचं, मालकीणबाई दर शनिवारी आम्ही घर खराब करतो का ते बघायला येतात. भिंतींकडेच बघत असतात. मागच्या आठवड्यात त्या टूसॉनच्या बाई इथे बसल्या होत्या, त्यांनी सांगितलं की तुम्ही याच खोलीत जन्मलात." ओकाम्पोबाई स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "आई विचारते, पलंग कुठे होता?"

मी उठून दाखवलं. खिडकीखाली. तिथे आता त्यांचं शिलाईचं मशीन आहे. मग मी बोलतच सुटले. कोबीचं पिंप, बाबांच्या हातांचा वास, क्लाराची नळी, सगळं सांगितलं. मुलगी तिकडचं इकडे करून दमली. ओकाम्पोबाई मध्येच उठल्या, चमचा घेतला आणि नळीवर दोन ठोके दिले. वरून काही आलं नाही, नर्सिणी ड्यूटीवर होत्या. पण आम्ही दोघी हसलो. निघताना लक्षात आलं, नळ बघायचा राहूनच गेला.

हे तू केलंस. सहीच्या आदल्या दिवशी मी झेनेकला घर दाखवत वरच्या मजल्यांवर फिरत होते, तेव्हा तू खाली बसून एका अनोळखी बाईला माझ्याबद्दल चांगलं सांगत होतीस. मी तुझ्याशी धड बोललेही नव्हते.

क्लारा माझी मैत्रीण होती. तिच्या जागी कोणी येईल, हे मला सहन होईना. पण शनिवारी बसमध्ये मी विचार केला की तिला तू आवडली असतीस. तिने तुला पहिल्याच दिवशी कामाला लावलं असतं.

आता मुद्द्याचं. आज सकाळी मी विश्वस्त बँकेत जाऊन आले. माझ्या अर्ध्या हिश्शाचं मी एकटी ठरवू शकते. झेनेकचा हिस्सा तुझ्या सांगण्याने त्याने मला लिहून दिलाय, तेव्हा तो आधी गेला तर सगळं घर माझ्या हाती येणार. म्हणून मी करारात एक ओळ घातली आहे. झेनेक नसेल आणि मीही नसेन, तर दुसरा मजला तुझ्या हयातीपर्यंत तुझा. तिथे राहा किंवा भाड्याने दे. माझी टेरेसा, झेनेकची पोरं, कोणीही तुला तिथून उठवू शकणार नाही. मी असेपर्यंत तर विचारायचंच नाही. मार्चमध्ये नर्सिणी गेल्या की मी ती जागा भाड्याने देणार नाहीये. टूसॉनला उन्हाळा सोसवेना झाला की दोघं इकडे या. पडदे तुझे तू आण, क्लाराचे मी काढून ठेवते.

तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. झेनेकला सांगितलं नाही, कारण त्या कराराची गंमतच ही आहे की तो कोणाला दाखवावा लागत नाही. सही झालेली आहे. आता तुला काही करता येणार नाही.

विमान मला मानवत नाही. आगगाडीने निघतेय, शुक्रवारी सकाळी पोचेन. लग्नात मी नवऱ्याकडच्या बाजूला बसेन की नवरीकडच्या, ते तिथे आल्यावर ठरवू.

तुझी नणंद
फेला